रंध्याचा तास : वर्धा ते भोपाळ

साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला! आज एखाद्या मुख्याध्यापकाने असे वेळापत्रक लावले तर दुसऱ्याच दिवशी पालक मुलांचे दाखले काढायला येतील. परंतु डॉ. झाकिर हुसेन समितीने १९३७ च्या अखेरीस नेमके हेच वेळापत्रक सुचवले होते. त्या वर्षी २२ व २३ ऑक्टोबरला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून ही समिती निघाली. सूतकताई, शेती यांच्या जोडीला समितीने सुतारकामही मूलोद्योग म्हणून धरले. करवत हातात घेऊन मुलाने मोजमाप शिकावे, मोजमापातून गणित शिकावे, सागाच्या फळीवरून जंगलाचा भूगोल शिकावा, अशी ती कल्पना.

कल्पना अगदीच नवी नव्हती. स्वीडनमध्ये नेस या गावी ऑट्टो सालोमॉन याने १८७० च्या दशकापासून शिक्षकांना लाकूडकाम शिकवायला सुरुवात केली होती. 'स्लॉइड' हे त्या पद्धतीचे नाव. सोप्या वस्तूपासून अवघड वस्तूपर्यंत ठरलेल्या पायऱ्या आणि पहिले हत्यार साधा चाकू. सुतार घडवणे हा त्यात हेतूच नव्हता, मूल घडवायचे होते. शांतिनिकेतनचे लक्ष्मीश्वर सिन्हा स्वीडनला जाऊन ही विद्या शिकून आले होते. आपल्याकडे मात्र गांधीजींनी तिच्यावर स्वावलंबनाची आणखी एक अट घातली. मुलांच्या मालातून शाळेचा खर्च निघावा! प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच शंका काढली, की शाळेतला स्वस्त माल बाजारात आला तर गावच्या कारागिराने काय करायचे? शंका रास्त होती. मला तर वाटते, त्या दोन दिवसांत कारागिराच्या बाजूने बोलले गेलेले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य.

आता भोपाळशी याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. आमचा भंडारा-गोंदियाचा मुलूख तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. त्या प्रांताचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल वर्ध्याच्या परिषदेला हजर होते. त्यांची 'विद्यामंदिर योजना' याच वाऱ्यातली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. आम्ही मुंबई राज्यात आलो, शुक्लजी नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि राजधानी ठरली भोपाळ. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी ते निवर्तले. सरहद्द आमच्या अंगणातून गेली. सुतारकामाच्या तासाचा पुढचा इतिहास मात्र बराचसा सरहद्दीपलीकडे घडला.

दरम्यान मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला एक हस्तव्यवसाय असावा असे म्हटले. त्या यादीत लाकूडकाम होतेच. बहुउद्देशीय शाळा निघाल्या, कार्यशाळांच्या खोल्या बांधल्या गेल्या, रंधे, पटाश्या, गुण्ये आले. अडले कुठे, तर शिक्षकापाशी. हात चालणारा माणूस होता त्याच्याजवळ पदवी नव्हती आणि पदवी होती त्याचा हात चालत नव्हता. यावर तोड म्हणून एन.सी.ई.आर.टी.ने १९६३ च्या सुमारास अजमेर, भुवनेश्वर, म्हैसूर आणि भोपाळ येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढली. भोपाळचे महाविद्यालय मोठ्या तलावाकाठच्या श्यामला टेकडीवर उभे राहिले आणि त्याला जोडून एक बहुउद्देशीय प्रात्यक्षिक शाळाही. आजही या संस्थेच्या कक्षेत महाराष्ट्र येतो, त्यामुळे प्रशिक्षणाच्या निमित्ताने आम्हा शिक्षकांचे पाय त्या टेकडीला लागतात.

पुढे नावे बदलत गेली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' म्हटले. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' म्हटले. १९८६ च्या धोरणात पुन्हा कार्यानुभव आला. नाव लांबत गेले तसा तास आखूड झाला. रंध्याच्या जागी खडू, मेणबत्त्या आणि कागदी फुले आली. त्यांना ना धार लागते, ना जागा, ना कोणाचे बोट कापण्याची भीती. मुख्याध्यापकाच्या दृष्टीने किती सोयीचे! आमच्यासारख्या अनेक शाळांच्या कोठ्यांत जुने वाकस गंजून पडले.

मला या सगळ्यात लाकडाचा तुटवडा हे कारण कधी पटले नाही. आमच्याकडे तर सागाची जंगले दाराशी. खरे कारण शिक्षकांच्या खोलीत आहे. बारा बलुतेदारांतला सुतार शाळेची बाके दुरुस्त करायला येतो आणि व्हरांड्यात बसून चहा पितो; त्याला आत खुर्ची देऊन 'सर' म्हणायची तयारी कोणत्याच योजनेने केली नाही. त्याच्या मुलाला मात्र आपण बापाच्या धंद्यापासून सुटण्यासाठी शिकायला सांगतो. तेही चूक कसे म्हणावे? जातीने हाती दिलेले हत्यार शाळेत पुन्हा धरायला त्या मुलाने नकार दिला, तर तो त्याचा हक्कच आहे. ब्राह्मणाच्या, कुणब्याच्या मुलाने धरले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती.

श्यामला टेकडीवरच १९९३ मध्ये पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था निघाली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना शाळेत यावे आणि स्थानिक सुतार, कुंभार, माळी यांच्याजवळ काम शिकावे असे सांगितले. २०२४ मधली त्याची मार्गदर्शक तत्त्वे याच संस्थेने तयार केली. तीन तास वीस मिनिटे रोज, ते वर्षाला दहा दिवस! दहा दिवसांत कुसाचा एक सांधाही घट्ट बसायचा नाही. पण धोरणात सुताराचा नावानिशी उल्लेख आला, हे मी कमी मानत नाही.

त्याच टेकडीवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय पसरले आहे. तिथली आदिवासी घरे त्या-त्या लोकांनी स्वतः येऊन बांधलेली. 'करो और सीखो' या कार्यक्रमात ठिकठिकाणचे कारागीर बोलावले जातात. मातीकाम, बांबूकाम, लाकडावरचे कोरीवकाम ते स्वतः शिकवतात. शिकणाऱ्यांत शाळकरी मुलेही असतात. तिथे कारागिराजवळ कोणी बी.एड.चे प्रमाणपत्र मागत नाही. शिक्षण महाविद्यालय आणि हे संग्रहालय, दोन्ही एकाच टेकडीवर.