नाशिक जिल्हा : प्राथमिक शाळांचे अंदाजपत्रक व पटसंख्या

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ अन्वये चालणाऱ्या जिल्हा शाळामंडळाचा कारभार नाशिक जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीकडे आला. शिक्षकांचे वेतन शासकीय अनुदानातून भागते, आणि परिषदेच्या स्वतःच्या सेसफंडातून इमारतींची डागडुजी व किरकोळ सामग्री एवढीच तरतूद होऊ शकत असल्याने अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या समितीचा अखत्यार कागदावर दिसतो तेवढा विस्तृत नाही.

खरी किल्ली पटात आहे. ३० सप्टेंबरच्या पटावरून संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर होणारी शिक्षकसंख्या, ठरते. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या साठ मुलांमागे दोन शिक्षक, आणि एकसष्टावे मूल दाखल होताच तिसरा. मात्र सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतील कुटुंबे दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस उतरतात, तेव्हा सप्टेंबरात भरलेले वर्ग माघात ओस पडतात आणि हिशेब मात्र भरल्या वर्गांचाच राहतो. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा, तसेच नाशिक व मालेगाव शहरांतील महापालिका शाळा (मालेगावात उर्दू माध्यमाच्या पुष्कळ) यांचा जमाखर्च निराळा.

फुगवलेल्या पटांचा संशय बळावल्यावर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानाची शाई लावण्यात आली होती.