विमानाच्या कवचाची कुळकथा

सुरुवातीच्या विमानांत कामाची वाटणी सरळ होती. भार लाकडी सांगाड्याने पेलायचा, कापडाने फक्त वारा अडवायचा. 1912च्या फ्रेंच ‘देपरद्युसाँ’ विमानाने ही वाटणी मोडली. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून घडवलेलं त्याचं धड आवरणही होतं आणि सांगाडाही. आज मानवरहित विमानांसाठी घडवल्या जाणाऱ्या बहुकामी कंपोझिटचं, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनलेल्या साहित्याचं, मूळ तिथे सापडतं.

पुढची पिढी दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानाची. बर्चच्या प्लायवुडचे दोन थर आणि मध्ये हलकं बाल्सा. बाहेरचे थर ताण-दाब घेतात, मधला गाभा त्यांना एकमेकांपासून दूर धरतो. त्यामुळे वजन फारसं न वाढता ताठपणा वाढतो. पुढे प्लायवुडच्या जागी काच किंवा कार्बनचे तंतू आणि रेझिन आलं, बाल्साच्या जागी फोम. रचना तीच राहिली.

भारतात ती बंगळुरात रुजली. नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत 1980च्या दशकात रुस्तम दमानिया यांच्या नेतृत्वाखाली एक हलकं कंपोझिट विमान तयार झालं. त्याचा आधार होता अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांचं ‘लाँग-ईझी’ विमान: तापलेल्या तारेने फोम कापायचा आणि त्यावर रेझिनमध्ये भिजवलेलं काचतंतूंचं कापड चढवायचं. पुढे त्याच विमानावरून डीआरडीओचं मानवरहित ‘रुस्तम-1’ बेतलं गेलं. नावही दमानियांचंच.

मात्र कंपोझिटला एक खोड आहे. धातूला पोचा पडला की तो दिसतो. इथे थर आतल्या आत सुटतात आणि वरून पृष्ठभाग शाबूत वाटतो. पॅराशूटने उतरणाऱ्या ‘निशांत’ या भारतीय मानवरहित विमानाला तर दर फेरीअखेर आदळणं आलंच. म्हणून भारतीय आणि इस्रायली संशोधकांनी त्याचे भाग घडवतानाच थरांमध्ये प्रकाशतंतू रोवले. ताण पडला की तंतूतून परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सरकते. तापमानानेही ती सरकते, त्यामुळे दोन्ही परिणाम वेगळे काढावे लागले. 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, उतरतानाची एक किरकोळ, क्षणिक अस्थिरता या तंतूंनी टिपल्याची नोंद आहे. भार पेलणारं कवच आता स्वतःची तब्येतही सांगू लागलं होतं.

पुढचं काम वीज साठवण्याचं. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या गटाने कार्बन तंतूंनाच बॅटरीचा इलेक्ट्रोड केलं. 2021मध्ये त्यांच्या नमुन्याने किलोमागे 24 वॉट-तास साठवले, 2024मध्ये 30. नेहमीची लिथियम-आयन बॅटरी याच्या कितीतरी पट साठवते. पण ढाचाच बॅटरी झाला, तर वेगळ्या बॅटरीचं ओझं कमी होतं. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जने डीआरडीओसोबत केलेल्या ‘नेत्र’सारख्या चिमुकल्या ड्रोनच्या जातकुळीत तर प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो.

हिशेबाची दुसरी बाजू दुरुस्तीची. आज बॅटरी दमली की ती काढून दुसरी लावतात. ड्रोनची भुजा तडकली तर भुजा बदलतात. दोन्ही एकच झाल्या, की बॅटरीसोबत धडधाकट भुजाही भंगारात जाईल आणि भुजेला गेलेला तडा वीजही तोडेल. देपरद्युसाँपासून प्रत्येक पिढीने एका वस्तूवर आणखी एक काम सोपवून वजन वाचवलं. ती कामं पुन्हा सुटी कशी करायची, याचं उत्तर पुढच्या पिढीला शोधावं लागेल.