रिकामा कंस

परवा संगणकावर एक पत्र परत आलं. पाठवणाऱ्याच्या जागी 'मेलर-डीमन' असं नाव. नातू म्हणाला, "आबा, बाउन्स झालंय, डिलीट करा." मी केलं नाही. परत आलेल्या पत्राची किंमत मला एकदा चांगलीच कळलेली आहे.

गोष्ट २००५ सालची. निपाणीच्या एका जुन्या मित्राशी माझं एका लग्नात चारचौघांत वाजलं होतं. चूक माझी होती. आठ दिवसांनी मी शाळेतल्या संगणकावरून त्याला माफीचं ई-पत्र लिहिलं. उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असणार, असा मी हिशेब केला. पोचूनही तो गप्प आहे म्हणजे राग गेलेला नाही! मग मीही फुगून बसलो. तब्बल दोन वर्षांनी इचलकरंजीत गाठ पडली तेव्हा तो म्हणाला, "अरे, तो पत्ता मी केव्हाच बंद केला. मला वाटलं तूच अबोला धरलास."

मग पत्र गेलं कुठे? माझा एक माजी विद्यार्थी तेव्हा अशाच कामात होता. त्याने येऊन मुद्दाम एका खोट्या पत्त्यावर पत्र टाकलं. काही परत आलं नाही. तासाभराने म्हणाला, "सर, तुमचं पत्र परत आलं असणार. आपल्याच सर्व्हरने ते दारातून हाकललंय. त्याच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो ना, म्हणून."

पत्ता नसतो? इतिहास शिकवलेल्या माणसाला एवढं पुरतं. मी त्याच्याकडून समजून घेत गेलो, पुढे स्वतःही वाचलं.

आपल्या टपालातही न पोचलेल्या पत्राची सोय कायद्यात होती. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याप्रमाणे (तो २०२४ च्या जूनपर्यंत चालला, म्हणजे सव्वाशे वर्षं!) असं पत्र पाठवणाऱ्याकडे जायचं. पाठवणारा कोण ते बाहेरून कळेना, तर गुप्ततेने बांधलेला एक अधिकारी ते उघडून आत नाव-पत्ता शोधायचा. तरीही पत्ता लागला नाही, तर पत्र नष्ट. आत पैसे किंवा विकण्याजोगी वस्तू निघाली तर ती वर्षभर सांभाळायची. मला यातली 'नष्ट' ही पायरी महत्त्वाची वाटते. कुठेतरी थांबायचं हे इंग्रज कारकुनालाही कळलं होतं.

(पत्र परत येण्याची वेळच कमी यावी म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, आणि संस्कृतचे कवी. आमचा ४१६ सांगलीत आणि सिंधुदुर्गातही चालतो, पण पलीकडच्या निपाणीचा पिन कर्नाटकातला म्हणून ५ ने सुरू होतो. असो.)

संगणकाच्या टपालाचे नियम १९८२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत जॉन पोस्टेल यांनी लिहिले. आडनावातच पोस्ट! त्यांच्यापुढे प्रश्न असा होता : पत्र पोचलं नाही, तर तसं कळवणारं दुसरं पत्र यंत्राने पाठवायचं. तेही पोचलं नाही तर? 'तुमचं न पोचल्याचं पत्र पोचलं नाही' असं तिसरं. त्यावर चौथं. माणूस दोन खेपांत कंटाळतो, यंत्र कंटाळत नाही. दोन यंत्रं रात्रभर एकमेकांना तेच सांगत बसतील.

त्यावरचा त्यांचा तोडगा मला फार आवडतो. यंत्राच्या अशा पत्राला लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता द्यायचाच नाही. दोन टोकदार कंस काढायचे आणि आत काही लिहायचं नाही. असा रिकामा कंस दिसला की पुढच्या यंत्राने समजायचं, याला उत्तर द्यायचं नाही. पोचलं तर पोचलं, नाहीतर इथेच संपलं. १९८९ च्या नियमांत तर स्पष्टच बजावलं, की रिकाम्या कंसाचं पत्र प्रत्येक सर्व्हरने स्वीकारलंच पाहिजे.

इथे एक घोळ होतो. लिफाफा वेगळा आणि आतला कागद वेगळा. 'मेलर-डीमन' हे नाव आतल्या कागदावरचं. ते बदलता येतं. 'पोस्टमास्टर' लिहा, संस्थेचं नाव लिहा, कुणाची हरकत नाही. पण काही उत्साही मंडळी लिफाफ्यावरही खरा पत्ता घालतात, बरं दिसावं म्हणून. मग ते रात्रभराचं भांडण पुन्हा सुरू होऊ शकतं. काही व्यवस्थापक याच्या उलट करतात : रिकामा कंस म्हणजे नक्की भामट्याचं पत्र, असं समजून दारच बंद. आमच्याकडे तेच झालं होतं. माझं पत्र ज्या बाहेरच्या सर्व्हरमार्फत गेलं, त्याने नियमाप्रमाणे 'असा इसम इथे नाही' हे कळवलं, आणि आमच्या दाराने ते घेतलं नाही. लिफाफ्यावर पत्ता नसल्याने ते पुढे कुठे जाणार? नियमाप्रमाणेच नष्ट झालं.

ज्याने दार बंद केलं त्यालाही पूर्ण दोष देववत नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये सोबिग आणि २००४ च्या जानेवारीत मायडूम असे दोन विषाणू जगभर फिरले. ते पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याच कुणाचा पत्ता घालत. पत्र विषाणूचं, पण परत येणार त्या भलत्याकडे! विद्यार्थ्याने दार उघडलं त्या आठवड्यात मलाही मी कधीच न लिहिलेली सत्तरेक पत्रं 'साभार परत' आली. काही चक्क रशियन लिपीत होती. शाळेतल्या कारकुनाने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं.

विद्यार्थी म्हणाला, "सर, पुन्हा बंद करू का?"

मी नको म्हटलं. रोज सकाळी पाच मिनिटं ती पत्रं चाळायचो. तिसऱ्या आठवड्यात त्यात एक माझं स्वतःचं निघालं. निपाणीलाच पाठवलेलं, मित्राच्या नव्या पत्त्यात मी एक अक्षर चुकवलं होतं. दुरुस्त करून पुन्हा धाडलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, "पोचलं रे बाबा."