शेतकऱ्याचा प्रश्न आणि नभोवाणीचें उत्तर

ज्ञान शहरांत साठतें आणि त्याची गरज मात्र शिवारांत असते, ही शेतीप्रधान देशाची जुनी अडचण आहे. नव्या बियाण्याचा किंवा नव्या खताचा शोध लागतो. परंतु त्याची वार्ता बांधावर पोंचेपर्यंत पेरणीचा हंगाम अनेकदां उलटून गेलेला असतो. हें अंतर तोडण्याचे जे प्रयत्न विज्ञानयुगांत झाले, त्यांपैकीं एक मोठा बोधप्रद प्रयोग महाराष्ट्राच्या भूमींतच झाला.

तें साल १९५६. ऑल इंडिया रेडिओ आणि युनेस्को यांच्या सहकार्यानें तत्कालीन मुंबई राज्यांतील पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच मराठी जिल्ह्यांतून सुमारें दीडशें गांवें निवडण्यांत आलीं. प्रत्येक गांवीं वीसएक ग्रामस्थांचें एक चर्चामंडळ स्थापन झालें. आठवड्यांतून दोनदां, अर्धा तास, याप्रमाणें दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम मराठींतून प्रक्षेपित झाले.

कल्पना मूळची कॅनडांतील. तेथें १९४१ पासून शेतकरी कुटुंबें शेजाऱ्याच्या घरीं जमून नभोवाणीवरील भाषणें ऐकत, त्यांवर चर्चा करीत आणि आपलें मत वर कळवीत. वाचन, श्रवण, चर्चा व कृति हें त्यांचें ब्रीद होतें. पुण्याच्या प्रयोगांतहि हाच क्रम होता. कार्यक्रम संपला कीं यंत्र बंद होई आणि माणसें बोलूं लागत. मंडळाचा चिटणीस शंका टिपून केंद्राकडे पाठवी आणि पुढील कार्यक्रमांत त्यांचें निरसन होई. बोलणारा शहरांत व ऐकणारा खेड्यांत, हा नेहमींचा एकेरी मार्ग येथें दुहेरी झाला.

याचा खरा परिणाम किती, हें तपासण्याचें काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विद्यमानें पॉल न्युराथ या समाजशास्त्रज्ञानें केलें. चर्चामंडळाच्या गांवांशेजारीं त्यानें दुसरीं दोन प्रकारचीं गांवें तुलनेसाठीं घेतलीं: रेडिओ आहे पण मंडळ नाहीं अशीं, आणि रेडिओच नाहीं अशीं. आरंभीं व अखेरीस ग्रामस्थांना प्रश्न विचारून त्यांची माहिती अजमावण्यांत आली. जेथें मंडळ होतें तेथें ज्ञानाची वाढ ठळकपणें दिसली. जेथें नुसता रेडिओ होता, तेथें ती अगदींच अल्प होती. एवढेंच नव्हे, तर कित्येक मंडळांनीं विहिरी खणल्या, जातिवंत वळू व लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, बालवाड्या काढल्या. आणि निवडून आलेल्या पंचायतीपेक्षांहि अधिक झपाट्यानें गांवाचे निर्णय घेतले.

याचें कारण गूढ नाहीं. एकट्यानें ऐकलेली गोष्ट कानावरून जाते. चारचौघांत ऐकलेल्या गोष्टीला आक्षेप निघतात, कोणी स्वतःच्या वावरांतला दाखला देतो, आणि अखेर जें ठरतें त्याला साक्षीदार असतात. शिवाय आपला प्रश्न विचारला गेला व त्याचें उत्तर आलें, या अनुभवानें श्रोत्याचा आत्मविश्वास वाढतो.

१९५९ पासून ही योजना देशभर नेण्यांत आली. परंतु विस्ताराबरोबर मूळचा जोम टिकला नाहीं. यंत्र पुरविणें सोपें असतें; मंडळ जागतें ठेवणें, चिटणीस तयार करणें आणि प्रत्येक पत्राला उत्तर देणें हें नित्याचें कष्टाचें काम असतें.

पुढें यंत्र बदललें. १९९८ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील वारणानगरच्या परिसरांत सत्तर गांवांना संगणकांनीं जोडण्याची योजना सुरू झाली. पिकांचे भाव, शेतीचा सल्ला, सरकारी कागद, सर्व कांहीं शेतकऱ्यास गांवांतच मिळावें, असा उदार हेतु होता. परंतु नंतरच्या पाहणींत असें आढळलें कीं, हे संगणक मुख्यतः सहकारी साखर कारखान्याच्या उसाचे व खतांचे हिशोब पाहण्यास उपयोगी पडत आहेत. म्हणून सात गांवांत आठ महिने साध्या भ्रमणध्वनीच्या संदेशांनींच तें काम करून पाहण्यांत आलें, आणि तें स्वस्तांत निभावलें. शेतकऱ्यास आपल्या उसाचा हिशोब हवा होता. तेवढा त्यानें घेतला. इतर ज्ञानभांडाराविषयीं त्यास कोणी विचारलेंच नव्हतें.

२००४ मध्यें किसान कॉल सेंटर सुरू झालें, आणि शेतकऱ्यानें स्वतः दूरध्वनीवरून प्रश्न विचारावा ही सोय झाली. आरंभ शेतकऱ्याच्या प्रश्नापासून व्हावा, हें १९५६ चें सूत्र त्यांत पुन्हां दिसतें. गांवानें एकत्र बसून विचार करण्याचा भाग मात्र त्यांत नाहीं.

नभोवाणी, संगणक, भ्रमणध्वनी यांचा वेग उत्तरोत्तर वाढत गेला. परंतु वेगानें पोंचलेली माहिती म्हणजे रुजलेलें ज्ञान नव्हे. बीं कितीहि उत्तम असलें तरी जमीन नांगरलेली लागते. आणि ज्ञानाच्या बाबतींत ही नांगरट गांवकऱ्यांच्या परस्परांतील चर्चेनेंच होते. दीडशें गांवांनीं दहा आठवड्यांत हें सिद्ध करून दाखविलें होतें.