कोयत्याची परीक्षा: एका स्वस्त पात्यावरून जंगलाचा इतिहास कसा वाचायचा

जंगलात न्यायला स्वस्तातली पण टिकाऊ सुरी कुठली घ्यावी, हा प्रश्न ट्रेकिंग करणाऱ्यांच्या गप्पांत हमखास निघतो. 'फिक्स्ड ब्लेड' म्हणजे न दुमडणारं पातं हवं, यावर बहुतेकांचं एकमत असतं. मग पोलाद कुठलं, पातं मुठीत किती आत गेलंय, म्यान कसं आहे, धार घरी लावता येते का, अशी चर्चा रंगते. तुम्ही इतिहासात संशोधनाची तयारी करत असाल तर हे सगळे प्रश्न वहीत उतरवून ठेवा. आज आपण ते शेलूला घेऊन जाणार आहोत.

शेलू म्हणजे कल्याण-कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळच्या मधलं स्टेशन. इथून कर्जत-खालापूरपर्यंतच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांत हे न दुमडणारं पातं पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. त्याला कुणी बुशक्राफ्ट म्हणत नाही. ते पातं म्हणजे कोयता. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे: कोयत्याची परीक्षा नीट केली, तर वनखात्याच्या कागदांत न दिसणारी एक गोष्ट हाती लागते.

आधी काम ठरवा

कुठल्याही हत्याराची परीक्षा कामावरून सुरू होते. स्वस्त आणि मस्त म्हणून जगभर नाव झालेल्या स्वीडनच्या मोरा सुरीचं उदाहरण घ्या. मोरा गावाजवळ १८९१ मध्ये सुरू झालेल्या एका कारखान्यातून लाकूड वाहायच्या घसरगाड्यांबरोबर या सुऱ्याही बाहेर पडू लागल्या. पातं साधारण १० सेंटिमीटर, सरळ आणि पातळ. पाइन किंवा बर्चसारखं लाकूड तासायला ती उत्तम. पण ऐनाच्या झाडावर चढून मनगटाएवढी फांदी तोडायची असेल तर ती अपुरी पडेल. यात मोऱ्याचा दोष नाही, काम वेगळं आहे.

मग आपल्याकडचं काम काय होतं? एका शब्दात सांगायचं तर राब. भाताचं रोप, म्हणजे आवण, ज्या तुकड्यात तयार करतात तिथे शेण, झाडांचा टाहाळ, पातेरा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पावसाळ्याआधी ते भाजायचं. जमीन तापते, तण मरतं, राख मिळते, आणि पहिल्या पावसानंतर त्यात बी पडतं. राबाला टाहाळ लागतो, आणि टाहाळ झाडावर चढूनच काढावा लागतो.

आता कोयता हातात घ्या. पातं पुढे वाकलेलं आहे, त्यामुळे घाव घातल्यावर फांदी निसटत नाही. वजन पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे थोड्या जोरात खोल घाव बसतो. मूठ एकाच हाताची आहे, कारण दुसऱ्या हाताने झाड धरायचंय. आणि म्यानाच्या जागी काय? कमरेला मागे बांधलेली लाकडी आकडी. तिच्या खाचेत कोयता अडकवला की चढायला दोन्ही हात मोकळे. कुऱ्हाडीशी तुलना करून बघा. खोड पाडायची कुऱ्हाड चालवायला दोन हात लागतात आणि पाय जमिनीवर लागतात. कोयत्याची ठेवण मात्र झाडावर चढलेल्या माणसाच्या सोयीची आहे. त्या माणसाला खोड पाडायचं नाहीये, कारण पुढच्या वर्षी त्याच झाडाला फुटवा हवाय.

इथे सावध राहा. कोयत्याने कोवळी झाडं मुळासकट छाटता येतातच. त्यामुळे 'कोयता होता, म्हणजे जंगल राखलं जात होतं' असं वाक्य प्रबंधात लिहिलंत तर मार्गदर्शक ते खोडतील, आणि बरोबरच करतील. हत्यार काय शक्य होतं ते सांगतं. प्रत्यक्षात काय झालं ते दुसऱ्या साधनांवरून ठरवायचं.

कागदात कोयता कधी दिसतो?

१८७८ चा वन कायदा आला आणि राखीव व संरक्षित जंगलांची वर्गवारी पक्की झाली. १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत रेल्वे पोचली होती. स्लीपरसाठी, जळणासाठी, मुंबईच्या बाजारासाठी लाकडाला मागणी होती. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत वनखात्याविरुद्ध तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारने १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. राबासाठी फांद्या छाटण्याचा हक्क कुणाला आणि किती, हा त्या वादातला एक मोठा मुद्दा. सरकारने बोलावलेला शेतीरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर याच्या १८९३ च्या अहवालातही राबाची चर्चा आहे. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचा हा उन्हाळी उद्योग तेव्हा राज्यकारभाराचा प्रश्न बनला होता.

आता १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ उघडा. राखीव जंगलात झाड तोडणं, त्याची साल गोल कापणं, फांद्या छाटणं, जाळणं, हे सगळं एकाच उपकलमात एका ओळीत येतं. मूळ कायद्यात शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ५२ नुसार गुन्ह्यात वापरलेली हत्यारंही जप्त करता येतात.

या दोन कलमांचा तुमच्या साधनांवर काय परिणाम होतो, तो लक्षात घ्या. कुऱ्हाड आणि कोयता यांतला जो फरक हातात घेतल्याबरोबर कळतो, तो कलम २६ च्या ओळीत पुसला जातो. आणि कोयता सरकारी कागदात येतो तो बहुधा जप्तीचा माल म्हणून. वर्षभर त्याने केलेल्या कामाची नोंद कुणी ठेवत नाही. अशा नोंदींवरच सगळा इतिहास उभारला, तर कोयता धरणारा प्रत्येक हात तुम्हाला गुन्हेगाराचा दिसेल.

गंमत म्हणजे दुसऱ्या एका कायद्यात नेमकं उलटं आहे. २०१६ पर्यंत लागू असलेल्या १९६२ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येत होती, पण घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली वगळली होती. म्हणजे इथे माप नंतर, काम आधी. पातं तेच, पण एका कायद्यात ते शेतीचं अवजार आणि दुसऱ्यात गुन्ह्याचं हत्यार.

शोधताना उपयोगी पडतील अशा चार गोष्टी

एक, जिल्हा तपासा. कर्जत आज रायगडात आहे, रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता, म्हणून तुम्ही कुलाब्याचं १८८३ चं गॅझेटियर काढाल. पण कर्जत कुलाब्यात आला १८९१ मध्ये. त्याआधीचा मजकूर ठाण्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये शोधा.

दोन, शब्द तपासा. इंग्रजी कागदांत 'बिलहुक' शोधा, 'कोइता' असं स्पेलिंगही करून बघा. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात 'कोयता' आणि 'राब' दोन्ही पाहा. मराठीत शोधताना मात्र गाळणी लावा: ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, आणि पुण्याच्या बातम्यांत याच शब्दाला टोळ्यांचा वास येतो.

तीन, वस्तू वाचा. वजन, लांबी, पात्याची जाडी मोजा. वारंवार पाजवून पातं कुठे झिजलंय ते बघा. कामाला येणारा भाग तिथे असतो. पोलाद विचारा. आज बरेच लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून कोयते घडवतात, तेव्हा अशा कोयत्यावरून १८८५ च्या लोखंडाबद्दल काही सांगता येणार नाही. मूठ किती वेळा बदलली तेही विचारा.

चार, कोयता विकत मागू नका. तो घरातला कामाचा जिन्नस आहे. फोटो घ्या, रेखाटन करा, परवानगी नोंदवा, परत द्या.

हे सगळं कशासाठी?

कातकरी हे नावच काथाशी, म्हणजे खैराच्या लाकडापासून काथ काढण्याच्या धंद्याशी जोडलेलं आहे. जंगलावर बंधनं आल्यावर हा धंदा आक्रसला आणि अनेकांना कोळशाच्या भट्ट्यांवर, पुढे वीटभट्ट्यांवर मजुरीला जावं लागलं. आज हा समाज महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना पुरावा लागतो. नियमांनुसार गॅझेटियर आणि सरकारी नोंदी पुरावा म्हणून चालतात, आणि वडीलधाऱ्या माणसांचं लेखी घेतलेलं निवेदनही चालतं.

म्हणजे जो कागद तुम्ही ग्रंथालयात वाचता, तोच कुणाच्या तरी दाव्याच्या फाइलमध्ये असू शकतो. त्यात फक्त 'फांद्या तोडताना पकडला' एवढंच असेल, तर निदान तो माणूस त्या जंगलात वावरत होता हे कळतं. तो तिथे काय करत होता, कुठल्या झाडाचा टाहाळ किती ठेवून किती काढत होता, हे सांगायला म्हाताऱ्या माणसाचं निवेदन लागेल. ते नीट घ्यायचं तर नेमके प्रश्न विचारता आले पाहिजेत.

तेव्हा शेलूच्या बाजूला जाणार असाल तर राब भाजायच्या आधी, टाहाळ काढायच्या दिवसांत जा. 'पूर्वी जंगल कसं होतं?' असा मोघम प्रश्न विचारू नका. 'बाबा, हा कोयता कुठल्या झाडाला चालतो?' एवढंच विचारा, आणि वही उघडून बसा.