अरण्यातील बेथलेहेम

एल्बा नदी बोहेमियाच्या उत्तरेकडील पर्वतराजीत उगम पावते व पुढे जर्मनी ओलांडून उत्तर समुद्रास मिळते. ती अजून लहान असतानाच तिच्या काठी कुक्स नावाचे एक गाव लागते. हे गाव आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे. गावापासून सुमारे तीन किलोमीटरवर एक अरण्य आहे, आणि त्या अरण्यातील वालुकाश्माच्या खडकांवर सुमारे तीनशे वर्षांपूर्वी एका शिल्पकाराने प्रभूजन्माचा देखावा व रानात तप करणारे संत कोरले. लोक त्या जागेला ‘बेथलेहेम’ म्हणतात.

मोकळ्या निसर्गात शिल्पे पाहावीत अशी उद्याने आज जगात ठिकठिकाणी आहेत. तेथे बहुधा कलाशाळेत घडलेली मूर्ती हिरवळीवर आणून उभी केलेली असते. उद्या ती उचलून अन्यत्र ठेवता येते. कुक्सच्या अरण्यात तसे नाही. आपल्याकडील कान्हेरीची वा घारापुरीची लेणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चटकन उमगेल. येथे खडक जेथे होता तेथेच राहिला आणि छिन्नी घेऊन माणूस त्याच्याकडे गेला. या शिल्पांचे सौंदर्य त्यात आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, त्यांचे दुर्दैवही त्यातच आहे.

ज्याने हे काम करवून घेतले तो काउंट फ्रान्झ आंतोन श्पोर्क (१६६२-१७३८). मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला त्याच्या आदल्या वर्षी हा गृहस्थ वारला, एवढे सांगितले म्हणजे काळाचा अंदाज यावा. त्याचा पिता वेस्टफालियातील शेतकऱ्याच्या घरी जन्मला, तीस वर्षांच्या युद्धात शिपाईगिरी करीत सेनापती झाला आणि १६६४ मध्ये तुर्कांविरुद्धच्या सेंट गोटहार्डच्या लढाईत गाजला. सम्राटाने त्यास काउंट केले. पित्याने तलवारीने मिळविलेली अमाप जमीन व पैसा पुत्राच्या हाती आला. जुन्या घराण्यांच्या उमरावांत आपण नवे आहोत, ही बोच पुत्राला जन्मभर राहिली असावी. त्याची अनेक कृत्ये त्यावाचून नीट कळत नाहीत.

कुक्स येथे झरे होते. श्पोर्कने तेथे स्नानगृहे बांधली, डाव्या तीरावर प्रासाद उभारला, नाट्यगृह उघडले, दूरदूरच्या धनिकांना पाहुणे म्हणून बोलावले. शिकारीचा तर त्याला छंदच होता. १६९५ मध्ये त्याने शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्युबर्ट यांच्या नावाने एक मानाची संघटना स्थापिली. शिकारीत वाजणारे फ्रेंच शिंग बोहेमियात आले तेही त्याच्याच सेवकांमार्फत. (संगीताच्या जाणकारांसाठी आणखी एक गोष्ट: योहान सेबास्टियन बाख याने आपल्या एका ‘सांक्तुस’ची वाद्यप्रत या कॅथोलिक काउंटकडे पाठविली होती. तेच ‘सांक्तुस’ पुढे त्याच्या प्रसिद्ध बी मायनर मिस्सात आले. लूथरपंथीय रचनाकार आणि कॅथोलिक उमराव यांच्यातील हा व्यवहार त्या काळी साधा नव्हता.)

डाव्या तीरावर हे सारे सुख, आणि समोरच्या उजव्या तीरावर रुग्णालय व पवित्र त्रैक्याचे मंदिर. युद्धात झिजलेल्या व वृद्धापकाळी निराधार झालेल्या शंभर जणांसाठी ते रुग्णालय योजिले होते आणि त्याच्या खर्चासाठी श्पोर्कने आपल्या जमिनीचे उत्पन्न लावून दिले होते. मंदिराखालच्या तळघरात त्याने स्वतःसाठी कबर बांधविली. प्रासादाच्या गवाक्षात बसलेल्या पाहुण्याला नदीपलीकडे आपला अंत दिसावा, अशी ती रचना आहे.

मथियास बर्नार्ड ब्राउन (१६८४-१७३८) हा शिल्पकार तिरोलच्या डोंगरांतला. प्रागच्या चार्ल्स पुलावर १७१० मध्ये उभारलेल्या संत लुटगार्दा यांच्या शिल्पाने त्याचे नाव झाले होते. श्पोर्कने त्याच्याकडून रुग्णालयापुढील सज्जावर बारा सद्गुण व बारा दुर्गुण यांच्या मूर्ती करवून घेतल्या; त्यांच्या सोबतीला एक सुखद मरणाचा देवदूत व एक दुःखद मरणाचा. या मूर्ती पाहणारा बहुधा दुर्गुणांपुढेच अधिक रेंगाळतो. त्यात ब्राउनचा दोष नाही. प्रवचन करणाऱ्या आम्हा धर्मगुरूंचाही अनुभव निराळा नाही!

सज्जावरील मूर्ती झाल्यावर, १७२६ च्या सुमारास, काम अरण्यात गेले. मोठ्या खडकावर प्रभूजन्माचे विस्तीर्ण उठावशिल्प आहे: बाळ येशू, पवित्र मरिया, मेंढपाळ, दूरच्या प्रवासाने आलेले तीन राजे. जवळच संत ह्युबर्ट यांना झालेले दर्शन आहे. ज्या हरणाचा पाठलाग चालला होता त्याच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि शिकारी गुडघ्यावर आला, ही कथा शिकारीच्याच रानात कोरलेली आहे. याकोबाची विहीर आहे. रानात विसावलेली पश्चात्तापी मरिया माग्दालिया आहे. अंगावर स्वतःच्या केसांखेरीज वस्त्र नव्हते असे ज्यांच्याविषयी सांगतात ते संत ओनुफ्रियुस आहेत. आणि गारिनुस आहे.

या गारिनुसपाशी थोडे थांबले पाहिजे. स्पेनमधील मोन्सेरातच्या डोंगरावर हा तपस्वी राहत असे, अशी दंतकथा आहे. बार्सेलोनाच्या काउंटची कन्या त्याच्या सान्निध्यात सोपविली गेली. सैतानाच्या मोहात पडून त्याने तिच्यावर अत्याचार केला आणि मग भयाने तिचा वध केला. पुढे तो रोमला जाऊन पोपमहोदयांच्या चरणी पडला. प्रायश्चित्त असे मिळाले की, एखादे तान्हे बाळ तोंडाने क्षमा उच्चारीपर्यंत त्याने पशूप्रमाणे चार पायांवर चालावे व आकाशाकडे पाहू नये. वर्षे गेली. अंगावर केस वाढले. त्याच काउंटच्या शिकाऱ्यांनी त्याला रानटी जनावर समजून पकडले आणि वाड्यात आणून बांधले. तेव्हा काउंटचे काही महिन्यांचे बाळ बोलले: ऊठ, देवाने तुला क्षमा केली आहे. दंतकथेत ती कन्याही जिवंत सापडते.

ब्राउनने त्याला गुहेतून हातापायांवर बाहेर येताना दाखविला आहे. हा मनुष्य आहे की जनावर, हे पाहणाऱ्याला क्षणभर ठरविता येत नाही. खडक आणि देह यांची सीमाही कळत नाही. मला या निवडीचे नवल वाटते. ज्या काउंटच्या शिकाऱ्यांनी याच झाडीत हरणांचा माग काढला, त्यानेच शिकार समजून पकडलेल्या पाप्याची मूर्ती येथे करविली. आणि ज्याला बाळाच्या मुखातून क्षमा मिळायची आहे, त्याला बेथलेहेमच्या बाळाच्या शेजारात ठेवले. हा विचार श्पोर्कचा की ब्राउनचा, की कोणाचाच नाही, कोण जाणे. शिल्पांच्या मांडणीत मात्र तो आहे.

आता श्पोर्कवरील आरोपाकडे वळू. अरण्यात छिन्नीचा आवाज चालू असतानाच, १७२९ मध्ये, कुक्सच्या प्रासादात सैनिक आले आणि त्याचा ग्रंथसंग्रह जप्त करून नेला. आरोप पाखंडाचा होता. श्पोर्क पुस्तके छापून वाटीत असे, आणि फ्रेंचमधून भाषांतर झालेल्या त्या पुस्तकांतील काहींना जेनसेनवादाचा वास होता. दैवी कृपा व मानवी इच्छाशक्ती यांविषयी अतिकठोर मत मांडणारा हा पंथ. पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७१३ मध्ये ‘उनिजेनितुस’ या आज्ञापत्राने त्या मतातील १०१ विधाने त्याज्य ठरविली होती. शेजारच्या झीरेच येथील येशूसंघीयांशी श्पोर्कचे दीर्घकाळचे वैर होते, हेही खटल्याच्या मुळाशी होते. खटला वर्षानुवर्षे चालला व त्याला मोठा दंड भरावा लागला.

ही हकिगत बहुधा एका ठरावीक साच्यात सांगितली जाते: स्वतंत्र बुद्धीचा उमराव आणि त्याला छळणारे काळे झगे. तो साचा मला पटत नाही. श्पोर्क भांडखोर होता, खटलेबाज होता, आणि विरोधकांची टवाळी करण्यात त्याला गोडी होती. येशूसंघीयांना त्याच्याकडून त्रास झालाच नसेल असे म्हणता येणार नाही. परंतु म्हणून सैनिकांनी पुस्तके नेली त्याचे समर्थन होत नाही. १६२० मधील श्वेत पर्वताच्या लढाईनंतर बोहेमियातील प्रजेला राजसत्तेच्या बळावर पुन्हा कॅथोलिक करण्यात आले होते. ज्या श्रद्धेला राखण्यासाठी पहारेकरी लागतात तिला शेजारी कोण काय वाचतो याचे भय वाटू लागते. त्या भयाने खडकावर प्रभूजन्म कोरविणाऱ्याला पाखंडी ठरविले, ही गोष्ट ख्रिस्तसभेच्या लेकरांनी आपल्याच घरातील म्हणून वाचली पाहिजे.

मग हे अरण्य प्रार्थनेसाठी होते की मिरविण्यासाठी? दोन्हीसाठी, असे मला वाटते. रुग्णालयाची इमारत श्पोर्कच्या हयातीत दिमाखाने उभी राहिली. तेथे रुग्णसेवा मात्र तो वारल्यावर, १७४० च्या दशकात, संत जॉन ऑफ गॉड यांच्या संघाचे सेवाव्रती बंधू आले तेव्हा सुरू झाली. त्या बंधूंनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या आजाऱ्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या जुन्या औषधालयाच्या कपाटांतील बरण्या आज प्रवाशांना पाहता येतात. कुक्सला जाणाऱ्याने ते औषधालय चुकवू नये.

श्पोर्क व ब्राउन दोघेही १७३८ मध्ये निवर्तले. दोनच वर्षांनी, डिसेंबर १७४० मध्ये, एल्बेला महापूर आला आणि स्नानगृहे वाहून गेली. प्रासाद १९०१ मध्ये पाडला गेला. सुखाचा तीर ओसाड झाला; मरणाचा तीर उभा आहे.

अरण्यावरील आघात पुराने केला नाही, माणसांनी केला. सम्राट दुसरा योसेफ याने प्रशियाच्या भीतीने जवळच एक प्रचंड किल्ला बांधावयास घेतला. १७८० ते १७८७ या काळात तो उभा राहिला व त्याला योसेफोव हे नाव मिळाले. किल्ल्याला दगड हवा होता. अरण्यातील वालुकाश्म हाताशी होता, आणि त्यावर मूर्ती कोरलेल्या आहेत म्हणून खाणवाले थांबले नाहीत. अनेक शिल्पे फोडून नेण्यात आली. याच सम्राटाने १७८२ मध्ये चिंतनपर मठ आणि एकांतवासी तपस्वी निरुपयोगी ठरवून त्यांच्यावर बंदी घातली होती. रुग्णसेवा करणारे बंधू तेवढे उपयोगाचे म्हणून वाचले. हिशेब चोख होता. जिवंत तपस्वी गेले आणि दगडी तपस्वी तटबंदीच्या कामी आले. त्या तटबंदीवर शत्रू कधी चालून आलाच नाही.

जे उरले ते आता हवेशी झुंजत आहे. वालुकाश्म पाणी पितो. हिवाळ्यात ते पाणी आतल्या आत गोठून फुगते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. शेवाळ चढते, मुळे भेगांत शिरतात. विसाव्या शतकात कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांच्या गंधकयुक्त धुराने त्यात भर टाकली. त्या प्रदेशातील झाडेच्या झाडे वाळून गेली, तेथे दगडाची काय कथा. जगातील धोक्यात आलेल्या स्मारकांच्या, न्यूयॉर्कच्या एका संस्थेने काढलेल्या यादीत २००० साली कुक्सच्या या शिल्पांचा समावेश झाला.

रुग्णालयापुढील सद्गुण-दुर्गुणांना उपाय सापडला. त्यांच्या मूळ मूर्ती आत छपराखाली नेल्या आणि बाहेर प्रतिकृती उभ्या केल्या. पावसात भिजतो तो नकली मत्सर आणि नकली आळस! अरण्यातील बेथलेहेमला हा उपाय नाही. त्याला हलवायचे तर डोंगराचा तुकडा कापावा लागेल, आणि कापलेला तो तुकडा संग्रहालयात ठेवला तर झाडीतून वाट काढीत अचानक गव्हाणीसमोर येणे उरणार नाही. म्हणून संवर्धक येतात, खडक धुतात, भेगा भरतात, पाण्याला वाट काढून देतात आणि काही वर्षांनी पुन्हा येतात. दरम्यान चेहऱ्यांची रेषा पुसट होत जाते. गारिनुस मात्र अजून ओळखू येतो. गुहेच्या तोंडाशी, हातापायांवर.