बडोद्याची पेटी आणि ग्रंथपालाचे शिक्षण

शालेय ग्रंथपालांसाठी भरणाऱ्या प्रशिक्षणवर्गांत आज संगणकीय सूची, बारकोड, ई-पुस्तके हे विषय हमखास असतात. मुलाला वाचते कसे करावे, हा विषय मात्र बहुधा उरलेल्या वेळात उरकला जातो. साक्षरता आणि साधने यांची ही फारकत अपरिहार्य आहे काय? या संदर्भात बडोदा संस्थानचा इतिहास आठवणे उपयुक्त ठरेल.

सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. १९०६ मध्ये ही सक्ती संस्थानभर लागू झाली. पण शाळा सुटली की अक्षरेही सुटतात, ही अडचण उरलीच. शिकलेले टिकायचे तर गावात पुस्तक हवे, हा विचार ग्रंथालय-योजनेच्या मुळाशी होता. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डेन यांना तेथून पाचारण केले. बोर्डेन यांनी १९११ मध्ये ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला. भारतातील अशा शिक्षणाचा आरंभ सामान्यतः येथूनच मानतात. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. ग्रंथपालाने शिकत राहावे, आणि तेही आपल्या भाषेत, ही जाणीव त्यामागे दिसते.

गावोगावी ग्रंथालये निघाली. त्यांच्या खर्चाचा एक वाटा गावाने, एक प्रांत पंचायतीने आणि एक सरकारने उचलायचा, अशी व्यवस्था होती. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात. अनेक ठिकाणी या साऱ्याची देखभाल शाळामास्तरच करीत.

याहून लक्षणीय बाब म्हणजे ग्रंथालय खात्याचीच एक दृश्यशिक्षण शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या काचा, स्टिरिओस्कोप आणि चलच्चित्रे घेऊन ती निरक्षरांपर्यंत जात असे. त्या काळातले हे अगदी अद्ययावत तंत्रज्ञान. पण ते पुस्तकांपासून वेगळ्या खात्यात ठेवले नव्हते. वाचता न येणारा माणूसही ग्रंथालयाच्या कक्षेत येतो, हे त्यामागचे गृहीत मला फार महत्त्वाचे वाटते.

अर्थात, पडद्यावरचे चित्र पाहून घरी परतलेला माणूस पुस्तकाकडे वळेलच, असे नाही. त्यासाठी चित्र आणि पुस्तक यांच्यामध्ये कोणीतरी जाणते माणूस उभे असावे लागते. पेटी उघडणारा मास्तर स्वतः वाचणारा नसेल, तर पेटी बंदच राहते. आणि संगणकही एक पेटीच आहे.

म्हणून शालेय ग्रंथपालाच्या प्रशिक्षणाची कसोटी एकच असावी. नवे यंत्र किती जणांना चालवता आले, हे त्यांनी मोजावेच. पण त्या यंत्राने कोणत्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक गेले, हेही विचारावे. हा दुसरा प्रश्न गाळला, तर आपण बडोद्याच्या पुढे नव्हे, मागे गेलो असे म्हणावे लागेल.